आईचा ‘ऊर’ आणि मुलाचे गाव

पत्राचा सारांश: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी उच्च प्राथमिक शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवणाऱ्या शिक्षिकेचे हे पत्र आहे. त्यांच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी मराठीबरोबर कन्नडही बोलली जाते. धडा वाचताना मुले प्रत्येक नव्या शब्दाशी थांबतात आणि ‘बाई, याचा अर्थ?’ असे विचारतात. एका प्रशिक्षणात ‘अर्थ सांगू नका, मुलांना संदर्भावरून ओळखू द्या’ असे सांगण्यात आले, म्हणून त्यांनी यंदा जूनपासून फळ्यावर शब्दार्थ लिहून देणे बंद केले. तेव्हापासून मुले वाटेल ते अर्थ सांगू लागली आहेत. ‘मुलाला बक्षीस मिळाल्याचे ऐकून आईचा ऊर भरून आला’ या वाक्यातील ‘ऊर’ म्हणजे ‘गाव’ असे एका मुलाने सांगितले, तेव्हा सगळा वर्ग हसला आणि बाईंच्या तोंडून ‘मराठीच्या तासाला कन्नड डोके चालवू नकोस’ असे शब्द निघून गेले. चाचणीत शब्दार्थाच्या प्रश्नांचे गुणही घटले आहेत. ज्येष्ठ सहकारी जुन्या पद्धतीकडे परत या म्हणतात. ‘संदर्भावरून अर्थ ओळखणे हे आमच्या सीमाभागातील मुलांच्या आवाक्याबाहेरचे आहे का?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय बाई,

तुमच्या पत्रातला तो मुलगा माझ्या मनातून जात नाही, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते. कन्नडमध्ये ‘ऊरु’ म्हणजे गाव. मुलाला बक्षीस मिळाले, ही बातमी पसरली आणि आईचे गाव माणसांनी भरून आले, असा अर्थ त्याने लावला. आपल्या खेड्यांत एखाद्या पोराने नाव काढले की त्याच्या दारात माणसे जमतात, हे त्याने पाहिलेले असणार. त्याने वाक्याची मागची बाजू पाहिली, ओळखीचा शब्द घेतला, तो प्रसंगात बसवून पाहिला आणि तो बसलाही. तुम्ही जे करायला सांगितले होते, तेच त्याने केले. उत्तर चुकले हे खरे. पण ते वाटेल तसे ठोकून दिलेले नव्हते, आणि या दोन गोष्टींतला फरक ओळखता आला तर तुमची अर्धी अडचण सुटेल असे मला वाटते.

आता ते वाक्य पुन्हा वाचून पाहा. ‘ऊर’ म्हणजे छाती, हे त्या एका वाक्यातून कळण्याची काही सोय आहे का? मला तरी दिसत नाही. तिथे ‘गाव’ बसते, ‘डोळा’ बसतो, ‘गळा’ तर फारच चांगला बसतो. आपल्याला अर्थ आधीच ठाऊक असतो, म्हणून वाक्य पारदर्शक वाटते. मुलाला मात्र त्या वाक्याचा पुढचा भाग, कदाचित पुढचा परिच्छेदही हवा होता. बेक, मॅक्‌किओन आणि मॅक्‌कॅस्लिन या अमेरिकी अभ्यासकांनी १९८३ साली हीच गोष्ट नेमकेपणाने मांडली. सगळे संदर्भ सारख्या गुणाचे नसतात, असे त्यांचे म्हणणे आहे. काही संदर्भ अर्थापर्यंत सरळ नेतात, काही अर्थाची साधारण दिशा दाखवतात, काही मुळीच काही सांगत नाहीत आणि काही चक्क चुकीच्या वाटेला लावतात. ‘संदर्भावरून ओळखा’ ही सूचना जणू प्रत्येक वाक्याच्या पोटात अर्थ दडलेला आहे असे गृहीत धरते. प्रशिक्षणात तुम्हाला सांगितलेली गोष्ट चुकीची नव्हती. पण कोणता शब्द ओळखायला द्यायचा आणि कोणता सांगून टाकायचा, ही निवड शिक्षकाने आधी करायची असते, एवढे सांगायचे राहून गेले.

तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांची पद्धत आणि तुमची पद्धत एकमेकींच्या विरुद्ध आहेत, हे गृहीतही मला तपासून पाहावेसे वाटते. माणसाला शब्दाचा अर्थ कशाकशाने कळतो, याची न्याय या प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत एक जुनी यादी आहे: व्याकरण, उपमान, कोश, जाणत्या माणसाचे सांगणे, व्यवहार, वाक्याचा उरलेला भाग, विवरण आणि ओळखीच्या शब्दांचे सान्निध्य. शेवटच्या साधनाचे उदाहरण फार सुंदर आहे. आंब्याच्या झाडावर ‘पिक’ मधुर गातो, एवढे ऐकले आणि ‘पिक’ हा शब्द ठाऊक नसला, तरी आंबा आणि मधुर गाणे या ओळखीच्या गोष्टींवरून तो कोकीळ असणार हे कळते. ज्येष्ठ गुरुजी फळ्यावर अर्थ लिहितात, तेव्हा ते कोश आणि जाणत्याचे सांगणे ही साधने वापरत असतात. तुम्ही यंदा वाक्याचा उरलेला भाग आणि ओळखीचे शब्द यांवर भर दिलात. आठही साधने एकाच माणसाच्या उपयोगाची आहेत. जूनमध्ये तुम्ही त्यांतली दोन एकदम काढून घेतलीत, आणि उरलेली कशी वापरायची हे मुलांना अजून कोणी दाखवलेले नव्हते, म्हणून ती गोंधळली.

तेव्हा शब्दार्थ सांगणे पुन्हा सुरू करा, पण सगळ्या शब्दांचे नाही. ज्या शब्दाचा अर्थ चुकला तर अख्खा धडाच उलटा समजेल, जो विज्ञानाच्या किंवा समाजशास्त्राच्या परिभाषेतला आहे, किंवा ज्याच्या भोवतीचे वाक्य काहीच मदत करत नाही, तो धडा सुरू होण्यापूर्वीच सांगून टाकावा. तुमच्या त्या वाक्यातला ‘ऊर’ याच गटात पडतो.

मुलांपुढे ठेवलेला उतारा त्यांना पेलणारा आहे का, हेही पाहावे लागेल. हू आणि नेशन यांनी २००० साली इंग्रजी शिकणाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की, मदतीशिवाय मजकूर नीट समजण्यासाठी त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द वाचकाच्या ओळखीचे असावे लागतात, म्हणजे पन्नास शब्दांत अनोळखी शब्द एखादाच. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटून येतात, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी अंदाजाला तो पुरेसा आहे. धड्यातला शंभर शब्दांचा तुकडा मुलांना देऊन अनोळखी शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायला सांगा. पाचाहून अधिक रेघा पडल्या, तर तो तुकडा अर्थ ओळखण्याच्या सरावाला घेऊ नका. ज्या वाक्यात तीन शब्द अनोळखी आहेत, तिथे एकाच्या आधाराने दुसरा कसा ओळखायचा? सीमाभागात ज्या मुलांची घरची बोली पुस्तकातल्या मराठीपासून दूर आहे, त्यांच्या बाबतीत ही मर्यादा आणखी लवकर ओलांडली जाते. मुलांचा आवाका कमी आहे असे तुम्हाला वाटले, ते बहुधा यामुळेच.

आता प्रत्यक्ष तासाबद्दल लिहिते, कारण तुमच्या पत्रातून मला सर्वांत अधिक गरज तिथेच जाणवली. सरावासाठी मी स्वतः लहान उतारे लिहीत असे आणि तुम्हीही लिहावेत. एक नमुना देते. ‘मृगाचा पाऊस लागला आणि कणकुंबीच्या रानातले ओढे फुगले. काल ज्या ओढ्यातल्या घोटाभर पाण्यातून पोरे पलीकडे जात होती, तोच ओढा आज दुथडी भरून वाहत होता. म्हातारबाने काठाकाठाने मैलभर चालून पाहिले, परंतु कोठेच उतार मिळेना. शेवटी तो एका खडकावर बसून राहिला.’

खानापूरच्या मुलांना कणकुंबी ठाऊक असते, मलप्रभा तिथे उगम पावते हेही ठाऊक असते आणि भरलेला ओढा तर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे प्रसंग समजावून सांगण्यात वेळ जात नाही. ‘दुथडी’ हा शब्द आधी घ्यावा, कारण तो मुलांना यश देतो. ‘काल घोटाभर पाणी, तोच ओढा आज’ या विरोधावरून पाणी फार वाढले आहे हे कळते. मग शब्दाच्या आत शिरावे. ‘दु’ त्यांना दुहेरी आणि दुमजली या शब्दांत भेटलेला आहे, म्हणजे दोन. राहिली ‘थडी’. ओढ्याला दोन काय असते, असे विचारले की कोणीतरी ‘काठ’ म्हणतेच. हाच शब्द ‘पैलथडी’त आहे, हे नंतर सांगावे.

‘उतार’ अधिक कठीण आहे, कारण तो मुलांना माहीत आहे असे त्यांना वाटते. माझ्या वर्गात पहिले उत्तर हमखास ‘घसरण’ असे येई. मी ते फळ्यावर लिहीत असे आणि विचारत असे, ‘मग पावसात मैलभर चालून म्हातारबा घसरण कशाला हुडकील?’ थोडा वेळ कोणी बोलत नसे. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘खरं बाई, त्येला पल्याड जायाचं हुतं न्हवं?’ तिथून गाडी सुरू झाली. पलीकडे जायचे आहे, पाणी खोल आहे, मैलभर चालूनही ‘मिळेना’, म्हणजे ती एक जागा आहे, आणि हवी असलेली जागा आहे. मग जिथून उतरून पलीकडे जाता येते ती उथळ जागा म्हणजे उतार. या सगळ्याला बारा-पंधरा मिनिटे लागली. दोन शब्दांना एवढा वेळ देणे परवडत नाही असे तुमचे सहकारी म्हणतील, आणि रोज दिला तर खरोखरच परवडणार नाही. आठवड्यातून एक तास, एक उतारा आणि दोन किंवा तीन शब्द एवढेच करावे.

या तासाला लागणारा मुख्य प्रश्न ‘अर्थ काय?’ हा नव्हे. ‘कशावरून?’ हा प्रश्न प्रत्येक उत्तरानंतर, उत्तर बरोबर असले तरीही, विचारायचा असतो. मूल ज्या शब्दावर बोट ठेवून ‘यावरून’ म्हणते, तो त्याचा पुरावा. पुरावा नसलेले उत्तर तसेच बाजूला ठेवावे, त्यावर हसू नये आणि रागावूही नये. पुरावा असलेले उत्तर वाक्यात त्या शब्दाच्या जागी ठेवून पुन्हा वाचावे आणि पुढचे वाक्य त्याला सोसते का ते पाहावे. तुमच्या मुलाला कोणी ‘कशावरून?’ असे विचारले असते, तर त्याने ‘ऊरु’ सांगितले असते आणि वर्ग हसण्याऐवजी विचारात पडला असता.

त्या मागच्या बाकावरच्या मुलीचे ‘खरं’ तुमच्या लक्षात आले असेल. बेळगाव-निपाणीकडच्या बोलीत ‘खरं’ हा शब्द ‘पण’च्या अर्थाने सर्रास येतो. पुस्तकात त्या जागी परंतु, मात्र, तथापि असे शब्द येतात, आणि अर्थ ओळखण्याच्या कामात हेच छोटे शब्द सर्वांत मोठी मदत करतात, कारण पुढचे मागच्याच्या उलट आहे हे ते सांगतात. ‘मात्र’ म्हणजे ‘फक्त’ एवढेच जे मूल जाणते, त्याच्या हातातून ही खूण निसटून जाते. तेव्हा नाम-विशेषणांकडे वळण्यापूर्वी पंधरा दिवस या जोडणाऱ्या शब्दांवर घालवा, आणि ‘तुमचं “खरं” इथं “परंतु” होऊन आलंय’ असे मुलांना उघडपणे सांगा. त्यांची बोली ही त्यांची पहिली शिदोरी आहे. ‘हुडकणे’ जाणणाऱ्या मुलाला ‘शोधणे’ शिकवायला दुसऱ्या दिवसाचीही गरज पडत नाही.

मराठीची स्वतःची आणखी काही मदत आहे, जी इंग्रजीच्या अभ्यासांवर बेतलेल्या प्रशिक्षणात सहसा येत नाही. विभक्तिप्रत्ययावरून शब्दाचे काम कळते: ‘आजोबांनी खुरप्याने तण काढले’ यात ‘खुरप्याने’ कळले नाही तरी ते काहीतरी हत्यार आहे, एवढे ‘ने’ सांगतो. मात्र मूळ शब्द ‘खुरपे’ आहे हे शोधायला सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययापूर्वी शब्दाचे होणारे बदललेले रूप, उलगडता यावे लागते, नाही तर मुले शब्दकोशात ‘खुरप्या’ पाहतात आणि रिकाम्या हाताने परततात. जोडशब्दांत तर अर्थ शेजारीच बसलेला असतो. बाजारहाट, थट्टामस्करी, धनदौलत यांतला एक शब्द कळला की दुसराही हाताला लागतो.

उपसर्गांच्या बाबतीत मात्र सावध राहा. निपाणी भागात शिकवत असताना एका हुशार मुलाने ‘अमूल्य’ म्हणजे ‘ज्याला काही किंमत नाही ते’ असे लिहिले होते, कारण ‘अ’ म्हणजे नाही हे मीच आदल्या आठवड्यात शिकवले होते. मोठी माणसेही यात फसतात. ‘अपरोक्ष’ म्हणजे खरे तर डोळ्यांसमोर, पण ‘माझ्या अपरोक्ष हे घडले’ असे आपण ‘माझ्या पाठीमागे’ या अर्थाने सर्रास वाचतो. म्हणून शब्दाच्या आतून मिळालेला अर्थ वाक्यात घालून पाहण्याची शिस्त लावावी. ‘आजीने दिलेली अमूल्य भेट त्याने जन्मभर जपली’ या वाक्यात कवडीमोलाची वस्तू बसत नाही, हे त्या मुलाला स्वतःलाच कळले.

‘कन्नड डोके’ या शब्दांबद्दल मला मनापासून बोलायचे आहे. तुम्ही ते घाईत बोललात आणि नंतर तुम्हाला वाईट वाटले, हे पत्रात दिसते. पण त्यामागचे गृहीत, म्हणजे कन्नड ही मराठीच्या वाटेतली अडचण आहे हे, आपल्याकडे फार जणांच्या मनात असते आणि ते शाळेपुरते तरी चुकीचे आहे. आपल्या या भागात दोन्ही भाषा शतकानुशतके एका अंगणात राहिल्या आहेत. आपले ‘तूप’ आणि कन्नड ‘तुप्प’ किंवा आपली अक्का आणि त्यांची अक्का वेगळी करता येत नाही, आणि ‘कादंबरी’ म्हणजे दोन्ही भाषांत एकच साहित्यप्रकार. काही शब्द मात्र सारखे ऐकू येतात आणि अर्थाने वेगळे असतात. कन्नडमध्ये ‘हालु’ म्हणजे दूध, मराठीत ‘हाल’ म्हणजे कष्टाची अवस्था. हिंदीच्या पुस्तकात ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, तर मराठीत ती दंड असते आणि कन्नडमधली ‘शिक्षे’ही दंडच. वर्गाच्या भिंतीवर दोन मोठे कागद लावा, एकावर ‘दोन्हीकडे एकच’ असे शब्द आणि दुसऱ्यावर ‘आवाज एक, अर्थ दोन’ असे, आणि ते भरण्याचे काम मुलांकडे द्या. घरी कन्नड बोलणारी मुले या कामात पुढे असतील, आणि ते वर्गाला दिसणे फार आवश्यक आहे.

रस्त्याकडेच्या फलकांचाही उपयोग करून घ्या. ‘अवसरवे अपघातक्के कारण’ असे कन्नड फलक मुलांनी पाहिलेले असतात. मराठी घरातल्या मुलालाही त्यातले ‘अपघात’ आणि ‘कारण’ हे दोन शब्द ओळखीचे. मग ‘अवसर’ म्हणजे काय? मराठीत अवसर म्हणजे संधी किंवा वेळ, आणि संधीमुळे अपघात होत नाही, तेव्हा घाई. ‘पिक’ आणि आंब्याच्या झाडाचीच ही युक्ती, फक्त बेळगावच्या रस्त्यावरची. आणखी एक शब्द मुलांना जरूर सांगा: मराठीत ‘अनुमान’ म्हणजे पुराव्यावरून बांधलेला तर्क, आणि रोजच्या कन्नडमध्ये ‘अनुमान’ म्हणजे संशय. अर्थ ओळखताना मुलांनी दोन्ही अनुमाने जवळ बाळगावीत, असे मी माझ्या वर्गात सांगत असे, आणि मुलांना ते लक्षात राही.

गुणांबद्दल तुमची चिंता रास्त आहे. मुलांना परीक्षेला बसायचे आहे आणि वर्षभराच्या प्रयोगाची किंमत त्यांनी मोजू नये. धड्याखाली दिलेले शब्दार्थ हे उत्तरपत्रिकेसारखे वापरावेत. धडा वाचताना ते वहीने झाकायचे, दोन-तीन शब्दांचा आपला तर्क पेन्सिलीने लिहायचा, शेजारी ‘कशावरून’ लिहायचे, मग वही बाजूला करून पडताळायचे आणि नेमका अर्थ शाईने लिहायचा. पेन्सिलीचा तर्क खोडायचा नाही. परीक्षेसाठी शाईतला अर्थ पाठ करता येतो, आणि मूल कोणत्या वाटेने चुकते हे तुम्हाला पेन्सिलीतल्या ओळीवरून कळते. ही वही मुख्याध्यापकांना आणि त्या ज्येष्ठ गुरुजींना दाखवा. वादात जे पटत नाही, ते मुलांच्या अक्षरात पाहून पुष्कळदा पटते.

निकालाची घाई मात्र करू नका. स्वानबोर्न आणि द ग्लॉपर यांनी १९९९ साली वीस प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा सहज वाचनात भेटलेल्या अनोळखी शब्दांपैकी सुमारे १५ टक्केच शब्द मुलांच्या पदरात पडतात असे दिसले. म्हणजे एका भेटीत शब्द आपला होत नाही. ‘दुथडी’ या आठवड्यात ओळखला, तर पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या उताऱ्यात पुन्हा यायला हवा, तुमच्या बोलण्यातही यायला हवा, आणि त्यासाठी मुलांच्या हाती पाठ्यपुस्तकाबाहेरची सोपी पुस्तके पडायला हवीत. वर्गाच्या कोपऱ्यात वीस-पंचवीस गोष्टींची पुस्तके एका दोरीवर टांगून ठेवली, तरी सुरुवात होते.

त्या मुलाला पुढच्या तासाला फळ्याजवळ बोलवा आणि ‘ऊर’ हा शब्द त्याच्याच हातून लिहून घ्या. खाली तुम्ही तीन वाक्ये लिहा: धावून धावून त्याचा ऊर धपापत होता, घाबरलेल्या लेकराला तिने उराशी घट्ट धरले, बातमी ऐकताच तिचा ऊर दडपला. आता अर्थ विचारा, आणि ‘कशावरून’ तेही विचारा. तो छातीवर हात ठेवील. मग त्याला कन्नड ‘ऊरु’ वर्गाला समजावून सांगू द्या. कित्तूरच्या नावाच्या शेवटी तोच ‘ऊर’ आहे हे तो सांगेल, किंवा तुम्ही सांगा, आणि खानापूरचा ‘पूर’ मात्र त्यातला नव्हे, हेही. भिंतीवरच्या ‘आवाज एक, अर्थ दोन’ या कागदावरचा पहिला शब्द त्याच्याच अक्षरात असू द्या.